फिलॉसॉफीसाठी पाचगावचा प्लॉट विकावा का?

नमस्कार दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापुरात उद्यमनगरात तुमचं मशीन शॉप, वय ४९, मुलगी चांगल्या मार्कांनी बारावी झालीय आणि तिला बीए फिलॉसॉफीच करायचंय. एका खाजगी विद्यापीठात सीट मिळतीय, फी-हॉस्टेल धरून वर्षाला १२ लाख म्हणजे तीन वर्षांचे ३६. तुमचा बेत असा की पाचगावचा प्लॉट १८ लाखाला द्यायचा, उरलेले १८ एज्युकेशन लोन आणि एफडीच्या १० लाखांना हात लावायचा नाही. वर पाहुणे म्हणायला लागलेत की शिकून काय कीर्तन करणार काय.

पाहुण्यांचं सोडा ओ, हप्ता काय ते भरणार नाहीत. पोरीनं फिलॉसॉफी जरूर करावी, पण ३६ लाखाला नको. हा विषय शिकायला मुळात स्वस्त आहे, लॅब नाही मशीन नाही, चांगला प्राध्यापक, लायब्ररी आणि वाद घालायला चार हुशार पोरं एवढं पुरतं, आणि ते सरकारी नाहीतर अनुदानित कॉलेजातपण मिळतं.

आता तुमचा हिशोब बघू. प्लॉट २००९ ला ४ लाखाला घेतलाय म्हणताय, तर १८ ला विकला की कॅपिटल गेन्स टॅक्स, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा कर, लागणार. जमीन २३ जुलै २०२४ च्या आधीची असल्यामुळं तुम्हाला दोन पर्याय आहेत, इंडेक्सेशनशिवाय (महागाईप्रमाणं खरेदीची किंमत वाढवून न धरता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन घेऊन वीस टक्के, सीएला दोन्ही काढायला सांगा, पण कसंही धरलं तरी दीड ते दोन लाख जाणारच. म्हणजे कर्ज १८ नाही, जवळजवळ २० लाख. साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, आणि प्लॉट तर विकलेला, मग राहतं घर आणि शॉप. साडेदहा टक्के व्याज धरा, तीन वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष सवलत, या काळात व्याज भरलं नाही तर ते साचून मुद्दल २६ लाखाच्या पुढं जातं आणि मग दहा वर्षं महिन्याला ३५ हजाराचा हप्ता. व्याज वेळच्या वेळी भरत गेलात तरी २७ हजार. इन्कम टॅक्समध्ये या व्याजाची वजावट मिळते, पण आठ वर्षांपर्यंतच आणि तीही जुन्या टॅक्स रिजीममध्ये. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५३ चे असाल, शॉपवर कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं बँकेचं कर्ज, आहेच, आणि नुसत्या बीएवर पोरीला ३५ हजाराचा हप्ता झेपेल असा पगार लगेच लागेल हे मी तरी धरून चालणार नाही.

ब्रोशरमधलं प्लेसमेंटचं पान बघा, मोठ्ठा आकडा छापलेला असतो, पण त्यात इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर सगळी पोरं मिसळलेली असतात. फोन करून सरळ विचारा, फिलॉसॉफी मेजरवाली किती होती, त्यातली किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती, अ‍ॅव्हरेज नको. उत्तर गोलमोल आलं की समजून जा.

या विषयात कमाई बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, ते कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेजलापण होतं. किंवा एमए करून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), त्यात जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर महिन्याला ३७ हजार, फक्त निघाली तर हां. यूपीएससीत फिलॉसॉफी ऑप्शनल ५०० मार्कांचा आणि जनरल स्टडीजमधला एथिक्सचा पेपर २५० चा, पण ती परीक्षा म्हणजे प्लॅन बी नव्हे. एआय एथिक्समध्ये लई नोकऱ्या आहेत असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, हिशोबात धरू नका. पैसे राखायचे ते या दुसऱ्या पायरीसाठी, पहिल्याच पायरीवर खिसा रिकामा करून चालत नाही.

मग कुठं घालायचं? पुण्याला फर्ग्युसनसारखं कॉलेज बघा, गुरुदेव रानडे तिथंच फिलॉसॉफीचे प्राध्यापक होते. दिल्ली विद्यापीठात हिंदू, मिरांडा हाऊसला ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटी या प्रवेश परीक्षेवर, तिनं दिलीय का विचारा. पुण्यात राहणं-खाणं महिन्याला १२ ते १५ हजार धरा, फी आणि पुस्तकं वेगळी, तरी वर्षाचं दोन-सव्वादोन लाखात बसावं. तीन वर्षांचे साडेसहा. निम्मे एफडीतून, निम्मे चालू धंद्यातून, कर्ज नाही, प्लॉट जागेवर.

पैसे भरायच्या आधी अजून एक करा, तिला महिनाभर खरा अभ्यास करून बघू दे. रील्स आणि कोट्स नव्हे, लॉजिक. न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, नेहमीचं उदाहरण घ्या, डोंगरावर धूर दिसतोय म्हणून तिथं आग आहे, हे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांत मांडायचं आणि मग तुम्ही समोर बसून खोडायचं. तुमच्या आजूबाजूला फौंड्र्याच आहेत, धुराची कमी नाही. जोडीला ट्रुथ टेबल्सची, म्हणजे विधान खरं-खोटं ठरवायच्या तक्त्यांची, वीस-पंचवीस गणितं. यात ती रमली तर विषय तिचाच, कंटाळली तर तीन वर्षं वाचली.

शेवटी टर्म इन्शुरन्स, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. शॉपवर कर्ज आणि घरात शिकणारं पोर असताना तो नसेल तर अ‍ॅडमिशनच्या आधी तो काढा. आणि सीट बुकिंगची रक्कम भरलीच असेल तर रिफंडची तारीख आजच बघा, जितका उशीर कराल तितकी जास्त कापतात.