कोलेस्टेरॉल कधी बनवायचं, हे पेशी कसं ठरवते?

प्रश्न : खाण्यातलं कोलेस्टेरॉल जवळपास बंद केलं, तरी रिपोर्टमधला आकडा फारसा हलला नाही. असं का?

शरीरातलं बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. बाहेरची आवक घटली की पेशी उत्पादन वाढवतात. संपृक्त चरबी कमी केल्याचा फायदा मात्र होतो; ते पथ्य सोडू नका.

प्रश्न : पण उत्पादन वाढवायची वेळ झाली, हे पेशीला कळतं कसं?

रक्तातला आकडा पेशीला दिसत नाही. ती मोजते स्वतःच्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आत पसरलेल्या जाळ्याच्या, पटलातलं कोलेस्टेरॉल. तिथे ‘एसआरईबीपी-२’ हे प्रथिन अडकलेलं असतं आणि ‘स्कॅप’ नावाच्या प्रथिनाने त्याला धरलेलं असतं. पटलातल्या मेदरेणूंमध्ये कोलेस्टेरॉल साधारण ५ टक्क्यांच्या खाली गेलं की स्कॅप एसआरईबीपी-२ला गॉल्गी संकुलात (प्रथिनांवर पुढची प्रक्रिया करणाऱ्या पेशीच्या भागात) नेतं. तिथे दोन विकरं (एन्झाइम) त्याला कापतात. सुटलेला तुकडा केंद्रकात शिरून जनुकं चालू करतो : कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकरांची, तशीच रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे कण, ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात) आत ओढणाऱ्या रिसेप्टरचीही. कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ते स्कॅपलाच चिकटतं, ‘इन्सिग’ प्रथिन स्कॅपला जागेवर रोखतं आणि उत्पादन मंदावतं. इतकी नेमकी व्यवस्था मला विलक्षण वाटते.

प्रश्न : स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तरी एलडीएल थोडंच उतरलं. औषध लागू पडत नाही का?

पडतं. स्टॅटिन यकृतातलं उत्पादन अडवतं, पेशीला टंचाई जाणवते आणि ती रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल खेचते. खरा लाभ यातूनच होतो. पण तेच एसआरईबीपी-२ ‘पीसीएसके९’ हे प्रथिनही वाढवतं आणि ते रिसेप्टर नष्ट करवतं. त्यामुळे डोस दुप्पट केल्यावर एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी घटतं. पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं २०१५पासून वापरात आहेत. त्यांची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा, सडपातळ, तरी एलडीएल २४०. माझ्या भावाला चाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता.

हे आनुवंशिक असण्याची दाट शक्यता आहे. साधारण २५० माणसांत एकाला हा दोष असतो. बहुतेकदा रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या दोषाच्या गंभीर रुग्णांच्या त्वचापेशींना एलडीएल दिलं, तरी त्या पेशींचं कोलेस्टेरॉलचं उत्पादन थांबेना. त्यातून रिसेप्टरचा शोध लागला आणि १९८५ साली नोबेल मिळालं. मुलाला लवकर तज्ज्ञाकडे न्या. तुमची, भावाची आणि दोघांच्या सगळ्या मुलांचीही तपासणी करा, लहानग्यांसकट.