बालछळ रोखण्याचे मोल : देशादेशांचे हिशेब

प्रश्न : मुलांच्या छळामुळे अमेरिकेचे अब्जावधी डॉलरचे नुकसान होते, असे वाचनात आले. मार खाल्लेल्या, दुर्लक्षित राहिलेल्या मुलाच्या दुःखाची अशी किंमत लावणे मला खटकते. शिवाय प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळाच असतो. हे आकडे काढतात तरी कसे?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : मूल पैशांत तोलू नये, हे मलाही मान्य आहे. तरीही हा हिशेब मांडावा लागतो, कारण अंदाजपत्रक तयार होताना ज्या गोष्टीपुढे आकडा नसतो, तिच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब पाहिला, की पद्धत कळते. छळातून वाचलेल्या एका मुलामागे आयुष्यभरात होणारे नुकसान त्यांनी २०१० च्या किमतीत २,१०,०१२ डॉलर इतके धरले. त्यात बालपणातील औषधोपचार ३२,६४८ डॉलर, मोठेपणीचे औषधोपचार १०,५३०, बालसंरक्षण यंत्रणेचा खर्च ७,७२८, पोलीस-न्यायालयांचा ६,७४७ आणि विशेष शिक्षणाचा ७,९९९ डॉलर आहे. उरलेले १,४४,३६० डॉलर म्हणजे त्या मुलाची मोठेपणी बुडालेली कमाई. एकूण रकमेचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग असा मूल मोठे झाल्यावर, कुणाच्याही डोळ्यांवर न येता गळून जातो. आपल्या वर्गातले जे मूल दचकत बसते, ज्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही आणि पुढे ज्याची शाळा सुटते, त्याचेच हे नुकसान आहे.

त्याच केंद्राच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नवा हिशेब मांडला, तेव्हा दर मुलामागचा आकडा ८,३०,९२८ डॉलरवर गेला. अत्याचार चौपट वाढले, असा याचा अर्थ नाही. वेदना, आजारपण आणि आयुष्याची खालावलेली प्रत यांचेही मूल्य या वेळी धरले गेले. म्हणून असा कोणताही आकडा समोर आला, की त्यात काय मोजले आहे आणि काय वगळले आहे, हे आधी विचारावे.

देशादेशांची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनेक हिशेबांत आजारपणाने वाया गेलेल्या एका वर्षाचे मोल त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाइतके धरतात. त्यामुळे इजा तीच असली तरी गरीब देशातील मुलाचे नुकसान डॉलरमध्ये कमी दिसते. यावर उपाय म्हणून एकूण नुकसान देशाच्या सकल उत्पन्नाच्या टक्केवारीत पाहावे. पूर्व आशिया आणि प्रशांत महासागर प्रदेशासाठी ते २०१२ च्या किमतीत २०९ अब्ज डॉलर, म्हणजे त्या प्रदेशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के निघाले. दक्षिण आफ्रिकेत २०१५ या एका वर्षात मुलांवरील हिंसेमुळे वाया गेलेल्या निरोगी आयुष्याचे मोल १७३ अब्ज रँड (रँड हे तिथले चलन), म्हणजे सकल उत्पन्नाच्या ४.३ टक्के होते. त्याच वर्षी बालसंरक्षणाच्या कामावर तिथे झालेला खर्च जेमतेम १.६ अब्ज रँड होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यंत्रणेवर होणाऱ्या खर्चावरून नुकसान मोजू गेलो, तर ज्या देशाने मुलांकडे पाठ फिरवली आहे त्याचेच नुकसान सर्वांत कमी ठरेल.

प्रश्न : प्रतिबंधावर घातलेला पैसा खरोखर परत येतो का, की हे केवळ चांगल्या हेतूने केलेले विधान आहे?
– जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य, सातारा

उत्तर : येतो, पण सगळीकडे आणि सारखा येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. पहिलटकरणीच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका नियमित जात असे. बाळ थांबता थांबत नाही असे रडू लागले तर काय करावे, धूम्रपान कसे सोडावे, पुढचे मूल केव्हा व्हावे, शिक्षण किंवा नोकरीचे कसे जमवावे, अशा गोष्टी ती त्या मुलीशी बोलत असे. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा, ज्या घरी भेटी झाल्या होत्या तिथे छळ व हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळपास निम्म्या होत्या. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २००५ मध्ये हिशेब केला, तेव्हा अधिक अडचणीतील कुटुंबांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे समाजाला ५.७० डॉलर आणि तुलनेने सुस्थितीतील कुटुंबांमागे १.२६ डॉलर परत मिळतात, असे दिसले. हा परतावा केवळ छळ टळल्याचा नाही. आईची वाढलेली कमाई आणि पुढे घटलेली गुन्हेगारीही त्यात आहे.

हीच योजना इंग्लंडमध्ये नेली. १९ वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या सुमारे १,६०० मातांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत ठरवलेल्या मुख्य कसोट्यांवर जादा लाभ दिसला नाही. तिथे सर्वच मातांना सरकारी आरोग्यसेवेच्या परिचारिका व दाया विनामूल्य मिळतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते आणि मला ते पटते. आधीच पुरेशी सेवा असलेल्या ठिकाणी भर घातली तर फरक थोडा पडतो. यावरून आपल्यासारख्या देशांनी निराश होऊ नये.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील ४० वस्त्यांमधील प्रयोगाकडे आपण आवर्जून पाहावे. तिथे डॉक्टर किंवा पदवीधर समुपदेशक नेमले नव्हते. स्थानिक माणसांनाच शिकवून त्यांच्याकरवी पालक आणि किशोरवयीन मुलांच्या आठवडी बैठका घेतल्या. राग कसा आवरावा, मुलाचे कौतुक कसे करावे, घरखर्च कसा आखावा, हे विषय होते. महिनाअखेरीस हातात पैसा नसला की घरातली मारहाण वाढते, हे जाणूनच घरखर्चाचा विषय घेतला असावा. छळाचा एक प्रसंग टाळण्यास प्रयोगात १,८३७ डॉलर लागले. योजना मोठ्या प्रमाणावर राबवल्यास हा खर्च ९७२ डॉलरपर्यंत उतरेल, असा अंदाज आहे. टळलेल्या प्रकरणामागे आयुष्यभरात होणारी बचत मात्र किमान २,७२४ डॉलर धरली आहे.

प्रश्न : आपल्याकडे यातले काय करता येईल?
– एक अंगणवाडी पर्यवेक्षिका, नाशिक

उत्तर : केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले आणि दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले. शाळेतील मारहाणीला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरातल्या मारहाणीपर्यंत पोचणारी माणसे वेगळी आहेत आणि ती आपल्याकडे आहेतच. २०१८ पासूनच्या योजनेनुसार आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाते. आहार, लसीकरण, बाळाची वाढ यांविषयी ती बोलते. योजनेत तिला दर भेटीचे पन्नास रुपये ठरले.

एल्मायरात परिचारिका ज्या दारातून आत गेली, ते दार आपल्याकडे आशाताईसाठी उघडे आहे. रडणारे बाळ, थकलेली आई आणि हात उगारणारा बाप यांच्याशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण तिला द्यावे, भेटीला वेळ वाढवून द्यावा आणि त्या वेळेचे मोल पन्नास रुपयांत धरू नये. आपल्या प्रकल्पाच्या मासिक बैठकीत ही मागणी लेखी मांडता येईल, आणि सोबत दक्षिण आफ्रिकेचे आकडे जोडावेत, कारण तिथल्या वस्त्या आणि तिथला पैसा आपल्या परिस्थितीला अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळचा आहे.