गाठ केवढी, यापेक्षा गाठ कुठे?

प्रश्न : वय 33. दीड वर्षापासून मूल हवंय, पण दिवस राहत नाहीत. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली. पाळीत अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन 9 आहे. एक डॉक्टर म्हणतात आधी गाठ काढा, दुसरे म्हणतात राहू द्या. सासूबाईंना कॅन्सरची भीती वाटते. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंना आधी सांगा, फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची नसते; तसं निघण्याचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी.

आता रिपोर्ट. गाठ गर्भाशयाच्या स्नायूत आहे, आतल्या पोकळीचा आकार बिघडलेला नाही. ती पोकळीत शिरलेली असती, तर दोन सेंटिमीटरची असूनही मी ‘काढा’ म्हटलं असतं. गर्भ रुजतो तिथेच ती अडथळा करते, आणि दुर्बिणीने खालच्या वाटेनेच काढता येते, पोटावर टाका पडत नाही. बाहेरच्या अंगाला वाढणारी गाठ सहसा दिवस राहण्याच्या आड येत नाही. तुमची आहे मधली, आणि या मधल्या गाठींबद्दल आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही. म्हणून दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या; कुणी फसवत नाहीये.

माझं मत विचाराल तर घाई नको. भिंतीतली गाठ काढली की टाके भरून येईपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबावं लागतं, आणि छेद खोल गेला असेल तर पुढे बाळंतपण बहुधा सिझरनेच. गाठ आक्रसायची इंजेक्शनं मिळतात, पण ती चालू असताना दिवस राहत नाहीत आणि बंद केल्यावर गाठ पुन्हा वाढते. त्याऐवजी सलाइन सोडून करतात ती सोनोग्राफी करून घ्या. एवढा रक्तस्राव होतोय, तेव्हा पोकळीची खात्री हवीच. लोहाच्या गोळ्या सुरू करा, चहासोबत नकोत. फॉलिक अॅसिडही आत्तापासूनच.

आणि एक. चार पानी पत्रात नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा शब्दही नाही. सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत सोपी, आणि नेमकी तीच राहून जाते! गर्भाशयाच्या नळ्यांच्या तपासणीआधी ती करा.

प्रश्न : विसावा आठवडा चालू आहे. सात सेंटिमीटरची गाठ आहे. मागच्या आठवड्यात पोटात एकाएकी असह्य कळा आल्या, दवाखान्यात ठेवलं, सलाइन आणि पॅरासिटामॉलवर थांबल्या. गाठ बाळाला दाबतेय का? आत्ताच काढता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : गाठीला रक्तपुरवठा पुरेनासा झाला की तिचा आतला भाग मरतो, आणि तेच असं दुखतं. वर्णनावरून तुमचं तसंच वाटतं. दुखणं भयंकर, पण आठवडाभरात बहुधा ओसरतं आणि बाळाला सहसा काही होत नाही. गरोदरपणी गाठ काढत नाहीत, रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. सिझरच्या वेळीही ‘पोट उघडलंच आहे तर काढून टाका’ असा आग्रह धरू नका, कारण तेच. बऱ्याच गाठी बाळंतपणानंतर आपोआप लहान होतात.

मेडिकलमधून परस्पर ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणू नका. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं.

पुढच्या सोनोग्राफीत दोन गोष्टी विचारा : वार (प्लॅसेंटा) गाठीवर बसली आहे का, आणि गाठ खाली, बाळाच्या वाटेत आहे का. वाटेत असेल तर सिझर लागू शकतं. बाळ आडवं किंवा पायाळू राहण्याची शक्यताही थोडी जास्त, ते छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास कळेल. बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, तेव्हा रक्त लगेच मिळेल अशाच ठिकाणी नाव घाला. माहेरच्या गावी तशी सोय नसेल, तर या खेपेला बार्शीतच थांबा, आईला तिकडे बोलवा. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, पोट ठरावीक वेळाने कडक होऊ लागलं, तर रात्र असली तरी निघा.