गणपतीआधी तीन भिंती रंगवा, खिडकीची राहू द्या

नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, दहा बाय बाराचा हॉल आणि सासऱ्यांचं सागवानी टेबल, जे तुम्हाला पांढरं करायचंय. गणपतीच्या आत दोन शनिवार-रविवारांत घरच्या घरी रंगवून होईल का, हा तुमचा प्रश्न. खिडकीखाली पोपडे आलेत हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी सुरुवात तिथूनच करतो.

पोपडे पत्र्याने खरवडून काढा. मग फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग त्या भिंतीला आत्ता ब्रश लावायचा नाही, लांबीही (पुट्टी) भरायची नाही.

कळव्याला राहत होतो तेव्हा मी हाच शहाणपणा केला होता. भर जुलैत ओलसर भिंतीवर चकचकीत इमल्शनचे दोन हात मारले. दसऱ्यापर्यंत लिंबाएवढे फुगे. एक नखाने फोडला, तर मनगटावर पाण्याचा ओघळ आला आणि आत मिठासारखी पांढरी पूड. गिलाव्यातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या खाली साचून त्याला ढकलतात. रंग कितीही महागाचा असो, तो सुटतोच.

तेव्हा बाकीच्या तीन भिंती खुशाल करा. चौथीपुढे मखर आणि पडदा येईल, कुणाला कळणार नाही. ऑक्टोबरात पाऊस गेला की आधी बाहेरच्या भेगा आणि खिडकीचे सांधे भरून घ्या, भिंत दोन-तीन आठवडे सुकू द्या, मग लांबी, प्रायमर, रंग. रंग मात्र चारही भिंतींचा आत्ताच घ्या. शेड मशीनवर मिसळतात, दोन वेळच्या डब्यांत किंचित फरक पडतो आणि तो नेमका कोपऱ्यात दिसतो. लिटरभरात दोन हातांनी साधारण 120 ते 140 चौरस फूट होतात, म्हणजे चार लिटरचा डबा पुरून उरेल.

क्रम तुम्हाला माहीत असेलच: घासणं, लांबी, पुन्हा घासणं, प्रायमर, दोन हात. लोक घाई करतात ती दोन हातांच्या मधे. डब्यावर चार तास लिहिले असतील तर या हवेत सहा-आठ धरा. पंखा चालू, खिडकी पाऊस बघून.

एक गोष्ट गंभीरपणे. दारं आणि ग्रिलवरचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा, चिखल ओल्या फडक्याने पुसा, मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

आता टेबल. सागवानावर पांढरा रंग ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण टेबल तुमचं. आधी खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस दाबून धरा. चिकट होऊन तपकिरी डाग कापसावर आला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश आहे. ते त्याच पॉलिशने पुन्हा उजळतं, पूर्ण खरवडायची गरज नसते. पण पावसात नको. दमट हवेत ओल्या पॉलिशवर दुधासारखी साय धरते. पांढराच करायचा असेल तर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडा आणि डाग अडवणारा प्रायमर लावा. नाहीतर पाण्याच्या रंगातून सागाचा पिवळेपणा वर येतो आणि तिसऱ्या हातानेही झाकत नाही.

आणि हो, सासऱ्यांना विचारलंय ना?