गिअरबॉक्स खोलायला देण्याआधी दोन किका मारून बघा

तुमच्या बुलेटला सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकला की खाड्कन आवाज होऊन गाडी उडी मारते, आणि मेकॅनिकने 'गिअरबॉक्सच गेलाय' म्हणून ॲडव्हान्स मागितलाय. तुमची ही पोस्ट वाचली आणि साकीनाक्याच्या सिग्नलला मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकत गाडी बंद करून न्यूट्रल शोधणारा मीच मला दिसलो. माझीही तुमच्यासारखीच बुलेट ३५०, उजव्या पायाचा गिअर, ४ स्पीडचा ॲल्बियन गिअरबॉक्स. वडिलांची गाडी.

मी मेकॅनिक नाही, तेव्हा हे ऐकून तुमच्या माणसालाही विचारा. क्लचची केबल चिरलेली नाही, लिव्हरला थोडा मोकळा खेळ आहे, एवढं तुम्ही बघितलंच असेल.

माझी चूक एकच. दुखणं क्लचचं होतं आणि मी गिअरबॉक्स खोलू दिला. उपनगरातलं एक गॅरेज, नाव घेत नाही. तीन दिवसांचं काम म्हणाले, गाडी सात आठवडे पडून राहिली, तीही पावसाळ्यात, अर्धी ताडपत्रीबाहेर. 'दात गेलेत' म्हणून गिअर बदलले. घरी येताना पहिल्याच सिग्नलला तोच खाड्कन आवाज! वर तिसऱ्या गिअरला एक नवीन कुंईं. जुने गिअर मागायला गेलो तर म्हणे भंगारात दिले. त्या डब्यातले मूळ गिअर, वडिलांनी इतकी वर्षं जपून वापरलेले, आणि मी ते डोळ्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. पैशाचं जाऊ द्या, ते अजून सलतं. म्हणून खोलायची वेळ आलीच तर समोर उभे राहा, निघालेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून घरी न्या. कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

शेवटी परळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला पाना न लावता सांगितलं. बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचवाटे इंजिनाला जाते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबून किक मारा. पाय मोकळा खाली गेला पाहिजे. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाचा जोर, पायाला लागलं तर क्लच सुटत नाहीये, लिव्हर दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. (रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा तेलाने चिकटतात, त्यामुळे सकाळची पहिली किक धरू नका.) उलट क्लच न दाबता किक कॉम्प्रेशनवर घसरली तर क्लच स्लिप मारतोय, म्हणजे नीट पकडत नाहीये. मग गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर टाका. इंजिन बंद असताना गिअर गुपचूप बसत असतील तर बॉक्सकडे बोट दाखवायचं कारण नाही.

माझ्याकडे झालं होतं असं: क्लच सुटत नाही म्हणून मी दर वेळी केबलच ताणत गेलो. गिअरबॉक्सच्या कव्हरवरच्या छोट्या झाकणाआड पुश रॉडचा (क्लच ढकलून सोडवणाऱ्या दांडीचा) स्क्रू असतो, त्याला कुणी हातच लावला नव्हता. क्रम उलटा हवा. आधी केबल पूर्ण ढिली, मग स्क्रू रॉडला टेकेपर्यंत आत, तिथून जरासा मागे, लॉकनट आवळायचा, आणि शेवटी केबलला लिव्हरपाशी २-३ मिलिमीटर खेळ. खेळ अजिबात ठेवला नाही तर रॉडवर सतत दाब राहतो आणि क्लच स्लिप मारून प्लेटा जळतात. मीही एक सेट असाच जाळला. दुसरं, क्लच ड्रमच्या खाचांना प्लेटांच्या कानांनी दात पाडले होते. कान त्यात अडकायचे, प्लेटा सुटायच्या नाहीत. मिस्त्रींनी कानशीने ते सपाट केले. एका दुपारचं काम.

दोन गिअरच्या मधेच खोटं न्यूट्रल लागत असेल तर प्रकरण वेगळं. तिथेही आधी झाकणाआडची स्टॉप प्लेट (गिअरची हालचाल कुठे थांबते ते ठरवणारी पट्टी) सरकवून बघा, डबा नंतर. आणि डब्यात घट्ट ग्रीस कोंबू देऊ नका. गिअर त्यात चर पाडतात, ग्रीस भिंतीला चिकटून बसतं, दात कोरडे. मी पातळ ग्रीस आणि ९०चं गिअर ऑइल मिसळून घालतो. यावर लोक भांडतात, भांडू देत. प्रायमरी केसमध्ये, म्हणजे क्लच असतो त्या डाव्या कव्हरच्या आत, मात्र कारचं इंजिन ऑइल नको, त्यातल्या घसरपणाच्या मसाल्याने क्लच स्लिप मारायला लागतो.

क्लच बघायला डावं कव्हर काढाल तर ते एकाच नटवर आहे. फुटरेस्ट काढावा लागतो. बसवताना रबरी रिंग नवीन घाला आणि नट ताकदीने आवळू नका, गळती आवळून थांबत नाही. रिंगा नागदेवीला मिळतात, चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुने पार्टही, पण तिथे भावाची सवय नसेल तर कुणाला तरी सोबत न्या.

ॲडव्हान्स अजून दिला नसेल तर देऊ नका. आज संध्याकाळी किक मारून बघा आणि काय झालं ते इथेच लिहा. पाय मोकळा गेला तर माझं सगळं निदान चुकलं, मग पुढचं बोलू.