सीमेपलीकडचा धूर आणि आपलं धुकं

प्रश्न: मुलगी अमृतसरला असते, ती म्हणते लाहोरचा धूर आमच्या धुक्यात मिसळतो. खरंय का?

उत्तर: हो ताई, खरंय, दोन्ही शहरांत जेमतेम 50 किमी अंतर, वारा फिरला की आपल्याकडचं भाताचं काड जाळल्याचा धूरही तिकडे जातो, हेही मान्य करायला हवं. धुक्याचा थेंब धुराच्या, धुळीच्या कणाभोवतीच धरतो. मग त्यात कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू विरघळून सल्फेट बनतं, खताचा नि गोठ्यांचा अमोनिया त्याची आम्लता मारतो, अमोनियम क्षार तयार होतात, आणि हे क्षार पाणी ओढतात म्हणून धुकं आणखी दाट. उन्हाने थेंब आटतो पण क्षार हवेतच राहतात, तेच छातीत जातात! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2015 पासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा हाच अभ्यास चालवलाय. मुलीला पहाटेचं फिरणं तेवढं बंद करायला सांगा.