टॅब की लॅपटॉप? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे आपल्याकडे नागपुरात मुलांसाठी टॅब-लॅपटॉपची खरेदी ऐन तापत्या दिवसांत होते, आणि घाईत होते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्रजी. वर्षभरापासून लॅपटॉप मागून राहिला. बर्डीला चार दुकानं फिरलो. पंधरा हजारांत टॅब मिळतो, बावीस हजारांत नवा लॅपटॉप. सात हजार जास्त घालून लॅपटॉपच घ्यावा का?
– एक आई, मानेवाडा

ताई, त्या बावीस हजारांच्या लॅपटॉपवरचं स्टिकर आधी वाचा. ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी असं लिहिलेलं असेल, तर तो घेऊ नका. विंडोज ११ चालायला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे हा लॅपटॉप जेमतेम सुरू होण्यापुरता आहे. ऑनलाइन तास चालू असताना ब्राउझरमध्ये दोन पानं उघडली की तो अडकायला लागतो. ईएमएमसी ही मोबाइलमध्ये असते तशी, बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण. ती एसएसडी या वेगवान साठवणीपेक्षा संथ असते आणि काढून मोठी लावता येत नाही. अशा स्वस्त यंत्रांत रॅमही बहुतेक वेळा बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे पुढे वाढवायची सोय नाही. मूल महिनाभरात कंटाळतं आणि परत आईचा मोबाइल घेऊन बसतं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी जिवाला लागतं, कारण ते पैसे कुणीतरी महिना-महिना मागे टाकून जमवलेले असतात.

सहावीच्या मुलाला आज लागतं ते वाचायला आणि पाहायला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, शिकवणीचे व्हिडिओ असतात. एवढ्याला टॅब पुरतो. फक्त पडदा १० ते ११ इंचांचा घ्या. ८ इंचांवर पुस्तकाचं पान सारखं बोटांनी मोठं करावं लागतं आणि मूल वैतागतं. उरलेले सात हजार वेगळे ठेवा. आठवी-नववीत तो स्वतः काही लिहायला, बनवायला लागला की लॅपटॉपची वेळ येईल, तेव्हा ते कामी येतील.

इतवारीत किराणा दुकान आहे. टॅली आणि जीएसटीचं काम घरीच करायचं आहे. मुलगी अकरावीला असून तिला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. बजेट तीस हजार. जुना लॅपटॉप घेतला तर फसेन का?
– एक दुकानदार

तुमच्या जागी मी जुनाच घेईन. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे लॅपटॉप कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी बनतात. त्यांची बांधणी मजबूत असते, कीबोर्ड चांगला असतो. काही वर्षांनी कंपन्या ते एकगठ्ठा विकतात आणि ते बाजारात येतात. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असलेला असा लॅपटॉप तीस हजारांत बसतो, आणि त्याच किमतीच्या पुष्कळ नव्या लॅपटॉपपेक्षा तो जास्त वर्षं साथ देतो.

पण घेताना दुकानात अर्धा तास बसा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच हवा, कारण त्याआधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचे बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड त्यावर राहणार, म्हणून यात तडजोड नको. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. तो दुकानदाराला समोर काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. एकेक बटण दाबून पाहा, झाकण चार वेळा उघडा-मिटा. सुरू होताना, तो आधी ज्या कंपनीकडे होता तिचं नाव येत असेल किंवा पासवर्ड मागत असेल, तर परत ठेवा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर हवाच.

क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, स्वस्त दिसेल, पण टॅली त्यावर थेट बसवता येत नाही. मुलीच्या पायथॉनला मात्र हा लॅपटॉप भरपूर आहे.

मराठी टायपिंग ३० ची (मिनिटाला ३० शब्द) परीक्षा द्यायची आहे. टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड लावून सराव होईल का?
– एक विद्यार्थिनी, हिंगणा

नको. ही परीक्षा संगणकावर होते, आणि टॅबसोबतचे कीबोर्ड लहान असतात, बटणांमधलं अंतर वेगळं असतं. बोटांना एकदा चुकीचं अंतर बसलं की वेग परत मिळवायला फार मेहनत पडते. घरात कसलाही जुना संगणक असेल तर त्याला पूर्ण आकाराचा वायरचा कीबोर्ड लावा. तो काही शेकड्यांत मिळतो. कोणता लेआउट, म्हणजे बटणांवरची अक्षरांची मांडणी, ते संस्थेत विचारून घ्या आणि पहिल्या दिवसापासून त्याच लेआउटवर बोटं बसवा. मधेच बदलू नका.

बारावीत आहे. जेईई आणि सीईटी दोन्ही देणार. मोबाइलवर लेक्चर बघून डोळे दुखतात.
– एक विद्यार्थी, सदर

लेक्चर बघायला आणि पेनने गणितं सोडवायला टॅब घे, त्यावरच नोट्सही राहतात. पण जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी दोन्ही संगणकावर होतात. जेईई मेनमध्ये आकडी उत्तरसुद्धा पडद्यावरच्या अंकफलकावर माउसने भरावं लागतं. म्हणून सराव परीक्षा मात्र मित्राकडे किंवा नेट कॅफेत जाऊन संगणकावर, माउस धरूनच दे. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, निदान वीस फुटांवर बघ. तरी दुखत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याचा नंबर असू शकतो.

मे महिन्यात टॅब आपोआप मंद होतो, कधी बंदच पडतो. दुरुस्तीला टाकू का?
– निवृत्त शिक्षक, कामठी

सर, आधी जागा बदलून पाहा. ॲपलसारख्या कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो. टॅबला पंखा नसतो. आतला भाग तापला की तो स्वतःच वेग आणि उजेड कमी करतो आणि शेवटी बंद होतो. तो स्वतःला वाचवत असतो. पण लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, विशेषतः पूर्ण चार्ज असताना. म्हणून दुपारी चार्जिंगला लावून व्हिडिओ बघू नका, चार्जिंग सकाळी करा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. टॅब गाडीच्या डिकीत राहू देऊ नका, आणि जाड कव्हर उन्हाळ्यात काढून ठेवा. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ती हवा ओलसर असते. बाजूला, पंख्याखाली ठेवा. मागचं झाकण फुगलेलं किंवा उचललेलं दिसलं तर त्याच क्षणी वापर थांबवा, चार्जर काढा आणि मग दुरुस्तीला न्या.